मावशींच्या बॅटरीवरचे दिवे

शिरूर कासारला माझ्या खोलीशेजारी राहणाऱ्या मावशी कुणाला काही देतानाही भांडल्यासारखं बोलत. मुलगा-सून ऊसतोडीला गेले की घरात त्या एकट्याच. वीज गेली की त्या सोलरच्या बॅटरीवर दिवा लावत. शेजारणीनं मागितलं तर तिलाही वायर जोडून देत. "घे, अन् आता उजेडात भांड!"

शेजारची तीन घरं जोडल्यावर बॅटरी जेवणाआधीच उतरू लागली. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून त्यांनी विचारलं, "सर, कावून असं होतंय?"

"प्रत्येक दिव्याला करंटची वेगळी वाट मिळते, म्हणून कुठलाच मंद होत नाही. पण वाटा वाढल्या की बॅटरीतून जास्त करंट जातो आणि ती लवकर संपते. एखादी वायर काढा."

"बरं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज गेली. तिन्ही घरांत दिवे लागले. मावशी मात्र चुलीच्या उजेडात भाकरी थापत होत्या.

"तुमचीच वायर काढलीत?" मी दारातून विचारलं.

"मग कुणाची काढू? तिकडं लेकरं वाचत्यात. माज्या भाकरीला एवढा उजेड लई हाय. या, जेवा. उंबरा हाय, ठेचकाळू नका."