जुन्याच नावाचं वायफाय

'नवा घ्या' असं सगळेच सांगत होते, तरी बाबांचा सारखा अडकणारा जुना राउटर घेऊन मी सिविक सेंटरच्या बाजारातल्या एका चिंचोळ्या दुकानात गेलो. तिथली बाई त्यात कंपनीचं सोडून दुसरंच फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारं सॉफ्टवेअर, घालणार होती.

"वायफायचं नाव 'कोक ओव्हन'? बाबा स्टील प्लांटात कोक भट्टीवर आहेत का?"

"होते."

तिने लॅपटॉप पुढे ओढला. "सारं पुसल्या जाईन, भाऊ. पण नाव अन् पासवर्ड मी तेच टाकते. घरचे फोन जुन्याच नावाले शोधून राहिले असतीन."

दिवे लुकलुकत होते तोवर वायर निसटू नये म्हणून तिने तिच्यावर अलगद हात ठेवला होता.

घरी राउटर लावला. आई बाबांचा फोन अजून रोज चार्ज करते. जुनं नाव सापडताच सगळ्यांत आधी तोच वाजला.