पाहुण्याची चाल

कारखान्यात तिला सगळे झटपट म्हणत. हजेरीपटावर तिचं खरं नाव होतं, पण पगाराचा दिवस सोडला तर ते कुणी घेत नसे. पंख्यांचे रेग्युलेटर जोडणाऱ्या लाइनवर ती सातव्या टेबलावर बसायची. डबीत स्प्रिंग, तिच्यावर पितळी पत्ती, वर झाकण, मग डोक्यावर लोंबणारा स्क्रू-ड्रायव्हर खाली ओढून चार स्क्रू, शेवटी बटण बसवून एकदा फिरवून बघायचं आणि नग पेटीत ठेवायचा. इतर बायकांना याला पंचावन्न सेकंद लागत, हिला चाळीस. नवीन कुणी कामाला आली की तिला आधी झटपटचे हात बघायला उभं करत, आणि तिचा चेहरा पडला की सगळ्या हसत.

ठरलेल्या आकड्याच्या वर जे नग निघत, त्यांचे जादा पैसे संपूर्ण लाइनचे मोजून तीस जणींत सारखे वाटत. म्हणजे झटपटच्या हातांचं सगळ्याच खात होत्या, आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. उलट जेवणाच्या सुट्टीत कुणी म्हटलं, "तुझ्यामुळे पोराला बूट आले गं," की ती दिवसभर खुशीत असायची.

झटपट पगार नोटांत मोजत नसे, दिवसांत मोजत असे. कामाचे दिवस महिन्याचे सव्वीस. त्यातले अकरा घरमालकाचे, नऊ वाण्याचे, दोन विजेचे आणि गॅसचे, तीन मुलीच्या शाळेचे, एक सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा. संपला महिना. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या दिवसांची भर पडायची सोय नव्हती. कपडालत्ता, दुखणंखुपणं, जे काही माणसासारखं जगायला लागतं ते सगळं जादा पैशांतून. हे जादा पैसे साधारण तीन दिवसांच्या मजुरीइतके होत.

खोली कारखान्याच्या भिंतीला लागून होती. एकच खोली, नळ बाहेर, खिडकी उघडली की समोर पत्र्याची शेड. पण चालत सहा मिनिटं. जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन सासूबाईंना चार घास आणि गोळी देऊन स्वतःच्या डब्यासाठी परत येता येत असे, आणि मुलीची शाळा वाटेतच होती. या सहा मिनिटांवर तिचा सगळा संसार उभा होता.

एका सकाळी घरमालकाने तिला जिन्यात गाठलं. पुढच्या महिन्यापासूनचा भाड्याचा आकडा सांगितला. तिने तिथल्या तिथे त्याचे दिवस केले. अकराचे चौदा.

"एकदम एवढं?" ती म्हणाली.

"मी कुठे वाढवतोय? बाजार वाढवतोय," घरमालक म्हणाला. बाजार म्हणजे जणू त्याचा थोरला भाऊ, ज्याच्या शब्दाबाहेर त्याला जाता येत नव्हतं.

ती कामावर आली ती हाच हिशेब डोक्यात घेऊन. तीन दिवस वाढले, जादा पैसे तीन दिवसांचे. म्हणजे खोली राहील, पण बाकी सगळं जाईल. चप्पल जाईल, मुलीचा चष्मा जाईल. डोकं बेरजेत आणि हात कामात, अशी ती बसली होती.

आणि नेमका त्याच दिवशी पाहुणा आला.

पाहुणा म्हणजे ऑफिसातला घड्याळवाला. वर्षा-दोन वर्षांनी कधीतरी न सांगता यायचा, कुणाच्याही पाठीशी उभं राहून एका नगाला किती सेकंद लागतात ते मोजायचा, आणि त्यावरून दिवसाचा आकडा ठरायचा. आकडा वाढला की जादा पैसे आटले. म्हणून लाइनवर एक जुनी रीत होती. पहिल्या टेबलावरची बाई त्याला दारात बघताच मूठभर स्क्रू स्टीलच्या ताटलीत खणखणीत ओतायची. तो आवाज आला की तीसही जणी पाहुण्याची चाल धरत. कुणी स्प्रिंग उजेडात धरून बघे, कुणी हात पुसे, कुणाचा स्क्रू नेमका तेव्हाच सटके. पंचावन्नचे पासष्ट होत, आणि कुणी फसवतंय असं कुणाला दिसत नसे. झटपटलाही ही चाल चांगली येत होती.

त्या दिवशी ताटली वाजली. शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली दोनदा खोकली. झटपटला काही ऐकू आलं नाही. ती चौदामधून अकरा वजा करत होती, आणि घड्याळवाला तिच्या खांद्यामागे उभा राहून खूश होत होता. चाळीस. एकदा एकोणचाळीस. त्याने लिहून घेतलं आणि तो गेला.

जेवणाच्या सुट्टीत कुणी तिच्याजवळ बसलं नाही. चष्मेवाली तेवढी समोर येऊन उभी राहिली. तिच्या नवऱ्याचा पाय तीन महिने प्लास्टरमध्ये होता.

"चाळीस सेकंद धरले तर आम्हाला आकडासुद्धा गाठता येणार नाही," ती म्हणाली. "पोटावर पाय दिलास तू आमच्या."

"मला ऐकू नाही आलं गं."

"एवढं खोकले तरी?"

 झटपटला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली, कारण तीस जणींच्या पोटात तिचंही पोट होतंच.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने तिला काचेच्या खोलीत बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यालाही वरून कुणीतरी मोजत होतं.

"शनिवारी मॅनेजरसाहेब स्वतः येणार आहेत," तो म्हणाला. "त्यांच्यासमोर तेच चाळीस सेकंद दाखवा, म्हणजे नवा आकडा पक्का होईल. मग तुम्हाला लाइनप्रमुख करतो. नव्यांना शिकवायचं, बस्स. पगारात चार दिवसांची वाढ."

चार. घरमालकाचे तीन देऊन एक उरत होता.

शनिवारला चार रात्री होत्या. पहिल्या दोन रात्री ती वर टांगलेल्या कपड्यांच्या दोरीकडे बघत पडून राहिली. तिला ती जागा हवी होती. उगीच नाही कशाला म्हणायचं, अगदी मनापासून हवी होती. सासूबाईंनी अंधारात विचारलं, "काय गं, झोप नाही का?" ती म्हणाली, "डास आहेत."

तिसऱ्या संध्याकाळी तिने मुलीला समोर बसवलं. कपड्यांचे चिमटे ताटात घेतले, औषधाची रिकामी डबी घेतली.

"मी चिमटे लावते. तू सेकंद मोज. पासष्टच्या आधी माझं झालं तर ओरड."

"हळू करायचा सराव?" मुलगी हसली. "आई, तुझं काहीतरीच असतं."

पहिल्यांदा पन्नासला झालं. मग चोपन्न. हात ऐकेनात. पंधरा वर्षांत त्यांना एकच गोष्ट शिकवली होती. झोपायच्या वेळेपर्यंत मुलगी मोजत राहिली आणि शेवटी चौसष्ट आले, तेव्हा तिने टाळी वाजवली. सासूबाई कोपऱ्यातून सगळं बघत होत्या. मग त्यांनी ताट उचलून ठेवलं.

शनिवारी मॅनेजर आला, घड्याळवाला आला, ताटली वाजली. झटपटने पाच नग जोडले. त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट, पासष्ट, चौसष्ट.

"हात दुखतोय का आज?" सुपरवायझरने विचारलं.

"हो साहेब."

"त्या दिवशी नव्हता दुखत."

"त्या दिवशी कमी दुखत होता."

तो मॅनेजरसाहेबांना घेऊन पुढच्या टेबलाकडे गेला. लाइनप्रमुख दुसरीच कुणी झाली. आकडा वाढला, पण थोडा. जादा पैसे बंद झाले नाहीत, निम्मे झाले. चष्मेवालीने आपल्या डब्यातलं अर्धं तिच्या झाकणात वाढलं, आणि दोघी जेवल्या.

पण दीड दिवसांच्या मजुरीत तीन दिवसांची वाढ बसत नाही. दोन महिने तिने ओढूनताणून काढले. तिसऱ्या महिन्यात सामान टेम्पोत चढलं.

नवी खोली दगडाच्या खाणीपलीकडे होती. भाडं सात दिवसांचं, पण दोन बसचे रोजचे पैसे धरले तर आणखी तीन. वाचला एकच दिवस, तोही वाढीआधीच्या अकरा दिवसांच्या मानाने. त्यासाठी ती पहाटे साडेतीनला उठू लागली. स्वयंपाक करायचा, सासूबाईंची दुपारची गोळी वाटीखाली झाकून ठेवायची, मुलीला नव्या शाळेचा डबा भरायचा, आणि अंधारातच बस पकडायची. घरी येईपर्यंत दिवे लागलेले असत. सासूबाई गोळी कधी घेत, कधी विसरत. विसरल्या की खोटं बोलत.

अशी दोन वर्षं गेली. तिला लाइनवर अजून झटपटच म्हणत. नाव एकदा पडलं की पडलं.

मग एका सकाळी पाहुणा पुन्हा आला. ताटली वाजली, लाइनभर हात पुसले गेले, स्क्रू सटकले. तो फिरत फिरत सातव्या टेबलामागे थांबला. तीन नग मोजले, वहीत लिहिले, मान हलवली आणि बाहेर पडला.

चष्मेवाली तिच्याकडे झुकली.

"पासष्ट लिहिले त्याने, मी बघितलं," ती हळूच म्हणाली. "आज काय सुरेख धरलीस चाल."

झटपटने झापड आलेले डोळे चोळत मान वर केली. "कधी आला होता?" तिने विचारलं.