अण्णा आणि सशाचं घड्याळ

अण्णा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी मनगटाकडे. रास अल खैमाच्या आमच्या टाइल्सच्या फॅक्टरीत ते लॅब इनचार्ज होते आणि त्यांना छंद एकच होता, डायलवर कार्टूनची चित्रं असलेली लहान मुलांची जुनी घड्याळं. दर शुक्रवारी शारजाच्या जुन्या बाजारातून ती शोधून आणायची आणि कुठल्या सालची ते ठरवायचं.

"चित्रावर जाऊ नका," ते म्हणत. "तेच चित्र वर्षानुवर्षं छापतात. मागचं झाकण उघडा." आतल्या यंत्रावरची खूण भिंगातून बघून ते काळ सांगत. कुणी आजोबांची आठवण म्हणून घड्याळ आणलं आणि ते अलीकडचं निघालं, तरी तसंच सांगून टाकत. समोरच्याचा चेहरा पडे. अण्णांना त्याचं काही वाटत नसे.

त्यांचं स्वतःचंही एक घड्याळ होतं, सशाचं. अण्णा दोन वर्षांचे असताना वडील इकडे दुबईत कामाला आले आणि वर्षभरात वारले, असं आई सांगे. जाण्याआधी त्यांनी पाठवलेलं हे घड्याळ जपून ठेवून तिनं अण्णा चौथीत गेल्यावर दिलं. ते रत्नागिरीच्या घरी कपाटातच असे. २००१ च्या सुट्टीत अण्णांनी ते दुरुस्तीसाठी इकडे आणलं आणि माझ्यासमोर झाकण उघडलं.

आतलं यंत्र वडील गेल्यानंतर चार-पाच वर्षांनी बनलेलं होतं.

अण्णा हसले. आईनंच विकत घेऊन बाबांचं नाव सांगितलं असणार, म्हणाले. तिची थट्टा करायला म्हणून त्यांनी लगेच फोन लावला.

आईनं मग फोनवर खरं काय ते सांगून टाकलं.

वडील वारले नव्हते. त्यांनी इथे दुसरा संसार मांडला होता. घड्याळ पार्सलनं आलं होतं, सोबत दोन ओळीसुद्धा नव्हत्या. लोकांना काय सांगायचं म्हणून आईनं कधीच कुंकू पुसलं होतं, आणि तेव्हापासून ती विधवा म्हणून जगत होती.

अण्णांनी बर दुबईतल्या जुन्या मराठी मंडळींकडे चौकशी केली. वडील चार वर्षांपूर्वी शारजात वारले होते.

"मी तेव्हा इथेच होतो हो," ते मला म्हणाले. "तासाभराच्या रस्त्यावर."

त्यानंतर कुणी घड्याळ आणलं, तर ते न उघडताच परत देत. "छान आहे, सांभाळा," एवढंच म्हणत.

पुढच्या वर्षी राजीनामा देऊन ते आईजवळ राहायला गेले. विमानतळावर सोडताना मी विचारलं, वडील गेल्याचं आईंना सांगितलंत का.

"सांगितलं, मागच्या सुट्टीत," अण्णा म्हणाले. "ऐकून घेतलं. निवडत होती ती भाजी बाजूला ठेवली, आणि डोक्यावरून अंघोळ करून आली."