बाकीच्यांवर हरकत

माझी मुलगी जर्मनीत वृद्धाश्रमात नर्स आहे. तिच्याकडं महिनाभर राहून आलो. ते गाव इतकं म्हातारं, की बसमध्ये पासष्टीच्या मलाच उठून जागा द्यावी लागायची. तिथं पाळणा हलला तर नगराध्यक्ष बँड घेऊन जात असणार! शाळेचाच वृद्धाश्रम झालेला. ज्या वर्गात लहानपणी पाढे म्हटले, त्याच वर्गात आता एका आजोबांची खाट.

त्या आजोबांना मुलगी भरवायची, आंघोळ घालायची. मतदानाला त्यांची व्हीलचेअर तिनंच ढकलत नेली, मागून मी छत्री धरून. परतताना आजोबांनी खुशाल सांगून टाकलं, बाहेरच्यांना घालवून देऊ म्हणणाऱ्या पक्षाला मत दिलं म्हणून. इकडं तिचा नागरिकत्वाचा अर्ज कचेरीत पडलेला, आणि तो पक्ष असे अर्जच बंद करायला निघालेला!

"विचार त्याला," मी असा ओरडलो की आख्खी गल्ली खिडकीत आली, "तुला हाकललं तर याला आंघोळ कोण घालणार?"

तिनं विचारलं. आजोबांनी तिचा हात थोपटला. ती मला म्हणाली, "बाबा, ते म्हणतात, तू नाहीस गं, तू आमचीच. ते बाकीचे."

हे वाक्य माझंच होतं.

दिंडोरीजवळच्या माझ्या द्राक्षबागेत सुरगाण्याकडचा मुकादम अकरा वर्षं बायकापोरांसह राहतोय. आमच्या गावची पोरं पुण्याला, परदेशात. शाळेच्या पटावर सगळी मजुरांचीच पोरं. मजुरांनी मतदार यादीत नावं घालायचं ठरवलं, तेव्हा भावकीचा सरपंच पडेल म्हणून हरकतीचे अर्ज मीच भरले. नावं लागलीच नाहीत. मुकादम विचारायला आला, तर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "तू आपलाच हाय रे! हरकत त्या बाकीच्यांवर." त्याच्या नावाचा अर्ज मी सगळ्यात आधी भरला होता.

परत आल्यावर आजोबांची गोष्ट पारावर तिखटमीठ लावून सांगितली. सगळे म्हणाले, लय नालायक म्हातारा. आपली अर्धी गोष्ट मी गिळली.

छाटणी सुरू होती. वेलीवरची कात्री न थांबवता मुकादमानं विचारलं, "शेठ, ताईंचं नाव लागलं का तिकडं?"

"नाय अजून. धाकधूक हाय."

"लागू द्या," तो म्हणाला. "राहतो तिथं नाव नसलं का लय वाईट वाटतं."

आणि तो पुढच्या वेलीकडं सरकला. त्याच्या पोरांसाठी आणलेली चॉकलेटची पिशवी माझ्या हातात तशीच राहिली.