कणकेच्या गोळ्या घेऊन डॉल्फिनकडे

डॉल्फिन पाहायला निघालो ते सासूबाईंच्या नवसापायी. नणंद ज्योती सुखरूप बाळंत झाली तर समुद्रातल्या मोठ्या माशाला कणकेच्या गोळ्या चारीन, असं त्या बोलून बसल्या होत्या. आमच्या प्रकाशा गावी तापीच्या घाटावर माशांना गोळ्या घालतातच. इथे नवस मोठा, म्हणून मासा मोठा. ज्योती माहेरीच होती, तिच्या तान्ह्या मुलीला चौथा महिना लागलेला. नवस फेडल्याशिवाय मायला, म्हणजे सासूबाईंना, चैन नव्हतं.

एसटीने नंदुरबार, रेल्वेने मुंबई, गाडी बदलून खेड आणि पुन्हा एसटीने दापोलीजवळचं मुरूड. दीड दिवस मोडतो. शाकाहारी असाल तर मुक्कामाच्या घरी आधीच सांगून ठेवा. आम्हाला गरम भाकरी, उसळ आणि सोलकढी मिळाली. वाटीतला गुलाबी रंग पाहून माय म्हणाल्या, "ताक लाजनं का काय व?"

हिवाळ्यात सकाळी लवकर नावा सुटतात. माणशी दोन-तीनशे रुपये. आमचे नावाडी दामूकाका. किनारा मागे पडला तशी मायनी पिशवी सोडली.

"आजी, काही टाकायचं नाही हां!"

"तापीना मासा खातस, मंग हाऊ काबर नही खाई?"

"अहो, तो मासाच नाही. आपल्यासारखा श्वास घेतो. पिल्लाला दूध पाजतो. स्वतः धरलेले मासे खातो, कणीक कुठली?"

मायचा चेहरा उतरला. "मंग मन्हा नवस?"

एवढ्यात डावीकडे 'फुस्स' झालं. करडी पाठ वर आली, आणि तिला चिकटून एक इवलीशी पाठ. दोन्ही बुडाल्या, पुन्हा वर आल्या. मी लहान मुलीसारखी ओरडले.

"लेकरूवाली शे!" माय नावेतच उभ्या राहिल्या. "बसा, आजी!" काका ओरडले. मायनी बसता बसता विचारलं, "ही जपस कव्हय?"

मी सांगितलं, "झोपेचं विचारताहेत."

"नीट झोपतच नाही. अर्धा मेंदू झोपतो, अर्धा जागा. श्वासाला वर यावंच लागतं. पिल्लू लहान असलं की आईला त्याच्याबरोबर पोहतच राहायचं."

मायनी पिशवीचं तोंड बांधून टाकलं. परतीच्या गाडीत ती त्यांच्या मांडीवर तशीच होती.

घरी पोचलो तर ज्योती मुलीला खांद्यावर घेऊन दारापुढच्या ओट्यावर फेऱ्या घालत होती, डोळे तांबारलेले. एरवी माय म्हणाल्या असत्या, आम्हीबी पाच लेकरं वाढवली. आज त्यांनी पायही धुतले नाहीत. तूप तापवलं, शिरा केला आणि ताटली तिच्यापुढे ठेवली.

"हाऊ मन्हा नवस शे. खाय. आन पोरले आठे दे, तू जपी ले."

ज्योतीने माझ्याकडे पाहिलं, मी नुसती हसले. ती दुपारपर्यंत झोपली, पूर्ण. माय ओट्यावर नातीला डॉल्फिन कसा श्वास घेतो ते करून दाखवत होत्या, 'फुस्स, फुस्स', आणि नात खिदळत होती.