चौदा तबकड्या आणि माझी कबुतरं

शेजारच्या काकांना आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे तबकडीवाले म्हणतात. हे नाव मीच पाडलं. नावं ठेवण्यात माझा हात धरणारं आमच्या जिन्यावर कोणी नाही. काकांनीही उट्टं काढलं, ते मला भोंगाबाई म्हणतात. एकदा वाजला की चार मजल्यांना कळतं, म्हणून.

काकांचं सिनेमे भाड्याने द्यायचं दुकान होतं. आधी कॅसेटी, मग डीव्हीडी. लोक फोनवर सिनेमे बघायला लागले आणि दुकानात माश्या मारायची वेळ आली. शहाणा माणूस येईल त्या भावाला माल फुंकून मोकळा झाला असता. काकांनी दोन हजार तीनशे तबकड्या टेम्पोत घातल्या आणि दोन खोल्यांच्या घरात आणल्या. काकू दारातच उभ्या होत्या.

"मी कुठे राहू, तेवढं सांगा," त्या म्हणाल्या.

"अगं, थोडे दिवस."

ते थोडे दिवस नऊ वर्षं चालले. पलंगाखाली पेट्या, पलंगावर काकू. डाळीच्या डब्यांमागे मारामारीचे सिनेमे, कपड्यांच्या कपाटात रडके. काकू म्हणायच्या, "माझ्या सवतीच दोन हजार, मी कुणाकुणाशी भांडू?" आम्ही पोट धरून हसायचो. त्या गेल्या तेव्हा त्यांना बाहेर न्यायला दारातल्या दोन पेट्या सरकवाव्या लागल्या. एक मी सरकवली. तेव्हा कोणी हसलं नाही.

वर्षभराने मुलीचा फोन आला. ती लांबच्या शहरात असते, आणि लेक बापावर गेलेली नाही, आईवर गेली आहे. फोन स्पीकरवर होता आणि मी साखर मागायला गेले होते, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकला.

"बाबा, तुमच्यासाठी खोली तयार आहे. तुम्ही या. पेट्या येणार नाहीत. आणि आईचा आवाज तेवढा घेऊन या."

आवाजाचं असं, की घरातलं सगळं शूटिंग काकूच करायच्या. काकांचा हात थरथरायचा म्हणून कॅमेरा कायम त्यांच्या हातात. घरी भरलेल्या चौदा तबकड्या होत्या त्या शूटिंगच्या. पण कॅमेरा धरणारी बाई चित्रात कुठून येणार? चौदांत मिळून काकूंचा चेहरा एकदासुद्धा नाही. आहे तो कॅमेऱ्यामागचा आवाज. पोरीला म्हणतायत, नाक पूस आधी. नवऱ्याला म्हणतायत, अहो, पोट आत घ्या. तेवढंच काय ते काकूंचं मागे उरलेलं.

पेट्या न्यायच्या नाहीत तर सगळं कॉम्प्युटरमध्ये भरून न्यायचं, म्हणून काका कामाला लागले. एका ड्राइव्हवर एक सिनेमा कॉम्प्युटरमध्ये उतरायला अर्धा तास. दोन हजार तीनशे अर्धे तास म्हणजे किती, याचा हिशेब त्यांनी माझ्यासमोर केला आणि पाणी प्यायले. मग भंगारातल्या कॉम्प्युटरांचे सहा ड्राइव्ह काढून आणले आणि काकूंच्या ताटं ठेवायच्या लोखंडी मांडणीत एकाखाली एक बसवले. तबकडी आत ढकलायची. मशीन तिच्या आत असलेलं नाव वाचतं, त्या नावाची फाइल करतं आणि काम संपलं की ट्रे बाहेर टाकतं. सहाही ट्रे बाहेर आले की वाटायचं, सहा कार्टी जीभ काढून वेडावतायत.

"काका, सहा जुळ्यांची आई झालात," मी म्हटलं.

"आई परवडली, भोंगाबाई. तिला रात्री तरी निजू देतात."

आधी सरावासाठी त्यांनी चरे पडलेले वीस सिनेमे घेतले. ते अर्ध्यात अडकायचे, पुन्हा लावावे लागायचे, आणि एकाच सिनेमाच्या चार-चार तुटक्या फायली साठायच्या. काकांना पसारा खपत नाही. कॉम्प्युटरच्या आत, म्हणजे. घरातला खपतो. तर त्यांनी मशीनला सांगून टाकलं, त्याच नावाची फाइल पुन्हा आली की जुनी पुसून नवी ठेव, मला विचारू नकोस.

मग महत्त्वाचं काम आधी, म्हणून घरच्या चौदा तबकड्या. पहिली उतरली तशी त्यांनी उघडून बघितली. भिंतीपलीकडून मलाही ऐकू आलं: "अहो, पोट!" काकांनी तेवढंच पुन्हा लावलं. मग बाकीच्या तेरा लावल्या. सहा ट्रे एकदम तोंड उघडत असताना कोण प्रत्येक फाइल उघडून बघत बसतो? एकच ड्राइव्ह असता तर बघितली असती. अर्धा तास तरी दुसरं काय करणार होते?

त्यांचा एक नियम होता, उतरलेली तबकडी घरात ठेवायची नाही. लेकीला शब्द दिला होता. सिनेमे भंगारवाल्याकडे जाणार होते. आणि माझ्या बाल्कनीत कबुतरांनी उच्छाद मांडला होता. चकचकीत काहीतरी टांगलं की ती फिरकत नाहीत, असं मी कुठेतरी वाचलं होतं.

"काका, मला त्या चौदा द्या. सिनेमाच्या एका बाजूला नटाचं थोबाड असतं. या दोन्हीकडून चकचकतात."

त्यांनी चळत हातात धरून ठेवली. देईनात.

"द्या हो. काकूंना मी बाल्कनीत नीट ठेवीन."

ते हसले आणि चळत दिली. हे वाक्य माझं आहे. माझं ते नंतर जिन्यावर दोघींना सांगूनही झालं होतं.

तबकड्यांवर काकूंच्या अक्षरात मार्करने लिहिलेलं होतं. बाल्कनीत बरं दिसेना, म्हणून मी नेलपॉलिश काढायच्या पाण्याने सगळं पुसून काढलं. पुसण्याआधी वाचलं, हे सांगायला नको. मग दोऱ्या ओवून टांगल्या. कबुतरं खरंच गेली. चार महिने तबकड्या टळटळीत उन्हात फिरत होत्या आणि भिंतीपलीकडे काका सिनेमे उतरवत होते.

दोन हजार तीनशेवा सिनेमा संपला त्या दिवशी त्यांनी मला चहाला बोलावलं. घर रिकामं, बोललं की घुमत होतं. पलंगाखाली फरशी दिसत होती. काकू असत्या तर तिथे लोळल्या असत्या. "चला, आता आपलं बघू," म्हणत त्यांनी घरची फाइल शोधली. एकच होती.

घरी तबकड्या भरणारं त्यांचं मशीन प्रत्येक तबकडीला आतून एकच नाव द्यायचं. वर काकूंनी काय लिहिलंय ते ड्राइव्हला थोडंच दिसतं? दुसरी आली तिने पहिली पुसली, तिसरीने दुसरी, असं करत चौदावी उरली. काकांनी ती लावली. दुकान विकायच्या आधीची रिकामी फडताळं. ते एकदाच स्वतः कॅमेरा घेऊन गेले होते. चित्र थरथरतंय, आवाज कुणाचाच नाही.

दुरुस्तीवाल्याकडे हार्ड डिस्क नेली. तो म्हणाला, पुसलेल्या जागेवर दोन हजार सिनेमे बसलेत, आता खालचं काही निघत नाही.

संध्याकाळी काका माझ्या दारात आले. चप्पलही घातली नव्हती. मी दोऱ्या कापल्या. तबकड्यांचा रंग उडाला होता. छापलेल्या सिनेमाला ऊन काही करत नाही म्हणे, घरी भरलेली त्याने मरते. सहा लावल्या. आत खरखर, मग एक ट्रे बाहेर, मग दुसरा. पुढच्या सहा. उरलेल्या दोन. एकीनेही नाव सांगितलं नाही.

"पुसण्याआधी वाचलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सांग."

मला सगळं पाठ होतं. शाळेचा पहिला दिवस. दात पडला. समुद्र. ह्यांची टक्कल लपवायची खटपट. चौदा सांगून होईपर्यंत ते कागदाच्या चिठ्ठ्या करत राहिले. मग चिठ्ठी हातात धरून म्हणाले, "समुद्र यातली कुठली?"

"काका, ते कसं सांगू?"

त्यांनी एक तबकडी उचलली आणि तिच्यावर समुद्र चिकटवला. मग दुसरी उचलली.

याला तीन महिने झाले. लेकीची खोली तिकडे तयार आहे आणि काका इकडेच आहेत. ती विचारते तेव्हा म्हणतात, काम चालू आहे, जुन्या तबकड्या, वेळ लागतो. परवा तिने मला फोन केला.

"मावशी, बाबा काहीतरी लपवतायत. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून तुम्हालाच विचारते. आईचा आवाज मिळाला का?"

भिंतीपलीकडे ट्रे बाहेर आल्याचा आवाज झाला. मग पुन्हा आत गेल्याचा.

"चालू आहे गं काम," मी म्हटलं.