शेला धरणारा

भाऊ,

हे पत्र मास्तरकडून वाचून घेऊ नकोस. अक्षर लावत लावत का होईना, स्वतः वाच.

नंदुरबार ठेसनावर मला पोचवायला आलास तेव्हा तू दोन्ही हात घोंगडीत लपवून उभा होतास. माझी पेटी मीच चढवली. माय म्हणाली, "जाय, पन वरीसमा एकदाव तोंड दखाडी जाजो." सुरतेची गाडी हलली तेव्हा कुठे तू बोललास. "देवनी करं का मी करं? तू ते मन्हा मांगेच व्हता." मी खिडकीतून तोंड फिरवलं. नऊ वर्षं झाली. मायला तोंड दाखवलं नाही आणि ते देवानं केलं की तू, याचं तुला उत्तर दिलं नाही.

इथे कोबे बंदरात मी शेटजींच्या पेढीवर कापूस पारखतो. आपल्या कोरीटकडच्या कापसाची गासडी उघडली की वासावरून ओळखतो. फुशारकी वाटेल, पण ओळखतो. मासा कच्चा खातो, हे मायला सांगू नकोस.

पेढीवरचा कारकून तानाका सुटीच्या दिवशी मला काबुकी नाटकाला ओढून नेतो. आपल्याकडे गावच्या उत्सवातलं सोंग म्हणजे तोंडाला सफेदा, अंबाडीची दाढी आणि कोळशाच्या मिशा. राजा कोण नि राक्षस कोण, ते आवाजावरून ओळखायचं. इथे नट बोलण्याआधी त्याचं तोंडच बोलतं. तांबडे पट्टे असले तर माणूस सच्चा, त्याचा राग खरा. निळे असले तर आतून सडका. तपकिरी असले तर तो माणूसच नाही, भूत. आपल्या काकाला कोणता रंग लावायचा ते मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. निळा, पार कानापर्यंत.

एका खेळात सरदाराच्या पाठीत तलवार बसली. तेवढ्यात काळे कपडे घातलेला, तोंडावर काळा पडदा घेतलेला एक माणूस त्याच्या मागे वाकला आणि त्याने टोपातली एक काडी उपसली. बांधलेले केस सुटून खांद्यावर आले. तानाका कानाशी म्हणाला, केस सुटले म्हणजे याचं भान गेलं, आता हा मारणार नाहीतर मरणार. मी विचारलं, तो काळा कोण? तो म्हणाला, तो कुणी नाही, त्याच्याकडे बघायचं नसतं.

सगळं थेटर त्या केसांकडे बघत होतं आणि मी त्या हाताकडे.

तुला आठवतं, सोंगांच्या आदल्या दिवशी काकाने मायला विहिरीपासून अंगणापर्यंत केसांना धरून फरफटत आणलं होतं. मडकं फुटलं, एवढाच तिचा गुन्हा. तू शेतात होतास. मी दारात उभा होतो आणि हललो नाही, नामर्दासारखा.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना काका हिरण्यकश्यपू झाला आणि तू नरसिंह. मुखवटा एकट्या नरसिंहाला, आणि तो चढला की तुझ्या अंगात यायचं. म्हणून तुझ्या कमरेला शेला बांधून मागून एकाने तो धरायचा आणि राक्षस मांडीवर आला की तुला खेचायचं, ही आपली रीत. त्या दिवशी शेला माझ्या हातात होता. काका तुझ्या मांडीवर पडला तेव्हा हसत होता. मी खेचलं नाही. मी मुठी उघडल्या, भाऊ. तुझ्या सोंगाची लोखंडी नखं त्याच्या पोटात शिरली, परत शिरली, आतडी धुळीत आली, तरी ढोल वाजतच होता.

तिसऱ्या दिवशी काका गेला. देवानं नेला, असं गाव म्हणालं. पोलीस पाटलाने बैलाने शिंग मारल्याचं लिहिलं. तू मुखवटा देवळात टांगलास आणि त्या हातांनी स्वतःच्या लेकीलाही उचलून घेईनास. माझ्याकडे मात्र कुणी पाहिलंच नाही. काका मेल्याचं मला अजून वाईट वाटत नाही, खोटं कशाला बोलू? तुझ्या हातांचं वाटतं.

चीनच्या लढाईपायी पेढी उठते आहे. पुढच्या बोटीत माझी जागा आहे. थांबायचं म्हटलं तर इथेही काम मिळेल, आणि इथे मला कुणी ओळखत नाही. पण घर म्हटलं की मला ना अंगण आठवत ना शेत. ते ठेसन आठवतं, आणि तू विचारतो आहेस. म्हणून येतो.

देवनी नही करं, भाऊ. तू बी नही करं. शेला मी सोडी दिन्हा.

फौजदाराला सांगायचं तर सांग. पण ठेसनावर ये, आणि या खेपेला पेटी तू उतरवून घे.